परसदार : इसबगोल

कार्तिकाचा हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास घरोघर तुळशीच्या लग्नाची गडबड चालू असेल. वृंदावनाभोवतीचा ऊस उचलून झाला म्हणजे परसात पुढे काय पेरावे, असा प्रश्न दर वर्षी ह्या सदराकडे येतो. आणि दर वर्षी मी मेथी, कोथिंबीर व हरभरा ह्यांची नावे सांगून आपली सुटका करून घेते. ह्या खेपेस जिच्याविषयी लिहिणार आहे ती वनस्पती भाजीच्या उपयोगाची नाही, तिचे फूल देवाला वाहता येत नाही, आणि तिच्या उत्पन्नाने घरखर्चात एका पैचाही फरक पडावयाचा नाही. तरीही ती प्रत्येक घरी एकदा तरी लावून पाहावी असे मला मनापासून वाटते. त्याचे कारण ओघाने येईलच.

ती वनस्पती म्हणजे इसबगोल. नाव वाचून कित्येकांना हसू येईल. इसबगोल कोणाला ठाऊक नाही? वडीलधाऱ्यांच्या उशाशी त्याचा डबा असतोच. मुलांचे पोट बिघडले तर दह्यातून, आणि वृद्धांचे कोठे जड झाले तर पाण्यातून, असा त्याचा दुहेरी उपयोग आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. परंतु त्या डब्यात जी पांढुरकी, हलकी, फुंकरीसरशी उडून जाणारी भुशी असते ती कोणत्या झाडाच्या कोणत्या भागाची, असे विचारले तर दहांतील नऊ जणी निरुत्तर होतील. मीही झाले असते. किंबहुना ते अज्ञान आम्हांला फार महागात पडावयाचे होते. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

आमच्या मामंजींना चाळीस वर्षांची इसबगोलाची सवय. सासूबाई होत्या तोपर्यंत रात्री निजण्यापूर्वी तासभर त्या एका मोठ्या पितळी पेल्यात पाणी घेत, त्यात चमचाभर भुशी टाकून ढवळीत आणि पेला लगोलग मामंजींच्या हाती देत. तो रिकामा झाला की पुन्हा साधे पाणी भरून देत. एवढा मोठा पेला कशाला, असे मी नवी असताना एकदा विचारले होते, तेव्हा ‘लागतो तेवढा’ एवढेच उत्तर मिळाले. त्या गेल्यानंतर हे काम माझ्याकडे आले. परवाच्या वर्षी गुरुपौर्णिमेच्या रात्री घरी पाहुण्यांची पंगत उठत होती, पाण्याची घागर तळाशी गेली होती, आणि मी घाईत होते. वाटीत कोरडी भुशी व अर्धे फुलपात्र पाणी एवढेच मी मामंजींच्या पुढे ठेवले व परत फिरले. त्यांनीही, सुनेला पुन्हा हाक कशाला मारावी म्हणून, भुशी तशीच जिभेवर टाकली आणि वर दोन घोट घेतले.

पाचच मिनिटांत त्यांचा चेहरा उतरला. छातीच्या मधोमध काहीतरी अडकले आहे असे ते खुणेने सांगू लागले. प्यावयास दिलेले पाणी तसेच परत येई. तोंडातली लाळसुद्धा गिळवेना. कोणी म्हणाले, केळे द्या म्हणजे घास खाली जाईल. कोणी पाठीत गुद्दे घालू लागले. सुदैवाने धाकट्या भावोजींनी कोणाचेच ऐकले नाही व त्यांना तडक इस्पितळात नेले. तेथे डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालून अन्ननलिकेतला तो चिकट गोळा काढला. चमचाभर भुशीचा तो सुपारीएवढा घट्ट बोळा झाला होता. मामंजींचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी मला मुळीच रागे भरले नाही. त्यांनी फक्त विचारले, ‘डब्यावर काय लिहिले आहे ते वाचले नव्हते का?’ वाचणार कोठून? भुशी बाजारातून आली की आम्ही ती जुन्या डब्यात ओतून ठेवतो, आणि मूळ वेष्टन केरात जाते.

त्या रात्रीपासून ही वस्तू एकदा मुळापासून पाहिली पाहिजे, असे माझ्या मनाने घेतले.

योगायोग असा की त्याच वर्षी फाल्गुनात आमचे सिद्धपूरला जाणे झाले. मातृगयेचे क्षेत्र म्हणून सिद्धपूर आपल्या वाचकांना परिचित आहेच. कपिलमुनींनी माता देवहूतीस उपदेश केला तो तेथेच, अशी कथा आहे, आणि बिंदुसरोवराच्या काठी मुलगे आईचे श्राद्ध करतात. सासूबाईंचे ते कार्य राहून गेले होते. अहमदाबादेहून गाडी मेहसाणे व उंझा करीत सिद्धपूरला जाते. हा सारा मुलूख १९४९ साली विलीनीकरण होईपर्यंत बडोदे संस्थानात होता, आणि मामंजींची उमेदीची वर्षे बडोद्यास नोकरीत गेलेली. त्यामुळे गुजराती त्यांना मराठीइतकीच येते. उंझा हे जिरे, बडीशेप व इसबगोल ह्यांच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे, हे त्यांनीच आम्हांला गाडीत सांगितले. जगात इसबगोल सर्वांत अधिक पिकतो तो हिंदुस्थानात, आणि हिंदुस्थानात उत्तर गुजरात, त्याला लागून असलेला राजस्थानचा जालोर-बाडमेरकडील भाग व मध्यप्रदेशात नीमच-मंदसोरकडे. म्हणजे श्राद्धासाठी आम्ही जेथे उतरलो, तेथेच आमच्या डब्यातल्या भुशीचे माहेर होते!

कार्य आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गावाबाहेर गेलो. लांबून शेत पाहिले तेव्हा मला ते वाळत चाललेले गवतच वाटले. गुडघ्याइतकीही उंची नाही. पिवळट, मऊ, दाट असे काहीतरी जमिनीलगत पसरलेले. जवळ जाऊन पाहिल्यावर मात्र गवताशी असलेले साम्य वरवरचे आहे हे ध्यानात आले. ज्यांना ही वनस्पती ओळखावयाची आहे त्यांनी पुढील खुणा नीट लक्षात ठेवाव्या.

गवताला कांडी असतात, आणि पानाचा तळ कांडीभोवती म्यानासारखा गुंडाळलेला असतो. इसबगोलाला कांडी नाहीत, म्यान नाही, किंबहुना खोडच जवळजवळ नाही. सारी पाने जमिनीतून एकाच ठिकाणाहून झुबक्यासारखी वर येतात. पान वीतभर लांब, पण रुंदी करंगळीच्या निम्म्याहून कमी. त्यावर टोकापर्यंत समांतर गेलेल्या तीन शिरा असतात, आणि अंगावर रेशमासारखी बारीक पांढरी लव असते. ती लव बोटांना जाणवते; गवत असे मऊ लागत नाही. पानांच्या मधून उघडे, बिनपानांचे दांडे वर येतात व प्रत्येक दांड्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी लांबट गोल ओंबी असते. फुले इतकी लहान व कागदी की त्यांना फुले म्हणावयास मन धजत नाही. ती खालून वर उमलत जातात. प्रत्येक फुलात स्त्रीकेसर आधी बाहेर डोकावतो व पुंकेसर मागाहून, हे भिंगातून पाहण्यासारखे आहे. आमच्या घरच्या शाळकरी मुलांनी पुढे ते पाहण्यात तासन्‌तास घालविले.

फळ तर फारच मौजेचे. त्याला आडवी चीर पडून वरचा अर्धा भाग झाकणासारखा निघतो. आपल्या कुंकवाच्या करंड्याचे झाकण निघावे अगदी तसा. आत दोनच बिया असतात. बी दोन-तीन मिलिमीटर लांब, गुलाबी छटेचे करडे, एका बाजूने फुगीर व दुसऱ्या बाजूने खोलगट. थेट चिमुकली होडी. हजार बियांचे वजन दोन ग्रॅमही भरत नाही. ह्या आकारावरूनच त्याचे नाव पडले. फारशीत ‘अस्प’ म्हणजे घोडा व ‘गोल’ म्हणजे कान; अस्पगोल म्हणजे घोड्याचा कान, त्याचेच आपण इसबगोल केले. गुजरातेतील लोक त्यास घोडाजिरे म्हणतात; तेथेही घोडा सुटलेला नाही.

बियांवरचे अगदी पातळ, पारदर्शक साल हीच आपली भुशी. ते साल बियांच्या एकंदर वजनाच्या साधारण चौथा हिस्सा भरते. जात्यांच्या मालिकेतून दाणे न फोडता केवळ घासून ते सुटे करतात, आणि पाखडून व चाळून वेगळे काढतात. बाकी राहिलेले बहुतेक गुरांच्या खुराकात जाते.

आम्ही शेतात पोचलो तेव्हा सूर्य उगवावयाचा होता आणि कापणी जोरात चालली होती. एवढ्या पहाटे का, असे मामंजींनी तेथील म्हातारीला विचारले. ती म्हणाली, ऊन चढले की ओंब्या करकरीत होतात आणि हात लावताच दाणे मातीत गळतात. थोडा ओलावा असेपर्यंतच काम उरकावे लागते. मग तिने आकाशाकडे हात केला आणि म्हणाली, ‘वरसाद आवे तो बधुं गयुं.’ पाऊस आला की सगळे गेले. फाल्गुनातली एक सर ह्या पिकाचा सत्यानाश करते. ओंब्यांतच बी फुगते, साल बुळबुळीत होते, दाणे गळून पडतात. शेतभर चिकट लगदा. चार महिन्यांची मेहनत एका तासात जाते. म्हातारीने चार दाणे मामंजींच्या तळहातावर ठेवून त्यावर तांब्यातले पाणी शिंपडले. बघता बघता प्रत्येक दाण्याभोवती काचेसारखे वलय आले. मामंजींनी माझ्याकडे पाहिले. बोलले काही नाहीत. गुरुपौर्णिमेच्या रात्री त्यांच्या छातीत काय झाले होते ते आम्ही दोघेही त्या तळहातावर पाहत होतो.

येथे थोडे विषयांतर करते. इसबगोलाच्या गोत्रात दोनशेहून अधिक जाती आहेत. शास्त्रीय नाव प्लँटॅगो. इंग्रजीत त्यांस ‘प्लँटेन’ म्हणतात, आणि तेथेच घोटाळा होतो, कारण इंग्रजीत केळ्यालाही हाच शब्द आहे. शेक्सपीअरचा रोमिओ नडगीच्या जखमेवर प्लँटेनचे पान उत्तम म्हणून सांगतो. शाळेत ते वाचताना मी व्हेरोना शहरी केळीची बाग कल्पिली होती! ते पान केळीचे नव्हे, इसबगोलाच्या एका रुंद पानाच्या भावंडाचे. लॅटिनमध्ये ‘प्लांटा’ म्हणजे तळपाय, आणि ह्या भावंडाचे पान खरोखरच तळव्यासारखे जमिनीला चिकटून असते. हिमालयाच्या थंड, ओलसर भागात ते पायवाटेच्या कडेला दिसते. पान रुंद व अंडाकृती, आणि ओंबी उंदराच्या शेपटीसारखी लांब. युरोपीय लोक अमेरिकेत गेले तेव्हा त्यांच्यामागोमाग हेही तेथे उगवू लागले, म्हणून तेथील मूळच्या लोकांनी त्याचे नाव ‘गोऱ्या माणसाचे पाऊल’ असे ठेवले. सहलीत कोठे असे रुंद पान दिसले तर तो इसबगोल नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचे बी बारीक, कोनेदार व काळपट असते.

दुसरा घोटाळा सब्जाचा. तोही पाण्यात फुगतो, तोही उन्हाळ्यात पोटात घेतात, आणि कित्येक घरी दोन्ही पुड्या शेजारी शेजारी असतात. पण सब्जा म्हणजे तुळशीच्या जातीचे काळे बी. भिजल्यावर मधला ठिपका काळाच राहतो व भोवती निळसर पांढरा गर येतो. इसबगोलाचा दाणा करडा आणि त्याचे वलय स्वच्छ पाण्यासारखे. एका बशीत दोन्हींचे पाच-पाच दाणे भिजवून मुलांना दाखवावे. पुन्हा चूक होणार नाही.

आता लावणीविषयी. निघताना म्हातारीने पदराच्या टोकाला बांधून मूठभर बी दिले. शहाणपणा असा की ते मी आषाढातच पेरले! पाऊस पडतो आहे, माती ओली आहे, याहून चांगले काय, असा माझा हिशेब. चार दिवसांत कुंडीच्या एका कोपऱ्यात बियांचा एक बुळबुळीत गोळा जमला आणि त्यावर बुरशी चढली. थोरल्या जाऊबाईंनी दुसऱ्या कुंडीत गव्हासारखे दोन बोटे खोल पेरले. त्यातले एकही वर आले नाही. आणि ह्या सर्वांवर कडी म्हणजे आमच्या घरच्या स्वारीने, पाहू तरी म्हणून, डब्यातली भुशी कुंडीत पसरली. साल पेरून झाड उगवत नाही, हे त्यांना मी मुद्दाम आठवड्याने सांगितले.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे बी संपूर्ण, सालासकट हवे. काष्ठौषधींच्या दुकानात अख्खा इसबगोल मिळतो. तो गेल्या हंगामाचा असल्याची खात्री करून घ्यावी, जुने बी नीट उगवत नाही. दुसरी गोष्ट काळ. हे हिवाळ्याचे पीक आहे. कार्तिकात, म्हणजे नोव्हेंबरात, पेरावे. कोरडी, थंड, स्वच्छ हवा त्याला मानवते. पुण्यासारख्या ठिकाणी त्या दिवसांत ती मिळते. कोकणातील दमट हवेत मात्र फारशी आशा धरू नये.

कुंडी खोल नको, पसरट हवी. वीतभर खोली पुष्कळ झाली. तळाला भोके असावीत. बागेची माती दोन भाग, वाळू एक भाग व चाळलेले जुने शेणखत एक भाग असे मिश्रण आम्ही केले. खताचा सोस करू नये, त्याने नुसती पाने माजतात. बी चिमूटभरच, तेही बारीक वाळूत मिसळून, पृष्ठभागावर विखरावे. शेतकरी त्यावरून झाडू हलकेच फिरवतात, तेवढीच माती त्याला पुरते. आम्ही मऊ कुंच्याने तेच काम केले. पाणी वरून ओतू नये. ओतल्यास बी तरंगून एका जागी येते आणि आषाढातला माझा गोळा पुन्हा तयार होतो. कुंडी पाण्याच्या परातीत बुडाशी ठेवावी म्हणजे ओल खालून चढते; वरची माती काळसर दिसली की उचलून घ्यावी.

आमच्या कुंडीत सहाव्या दिवशी दोऱ्यासारखी हिरवी जोडपाने दिसली. येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. हे अंकुर हुबेहूब गवतासारखे दिसतात, आणि कामाच्या बाईने उत्साहाने निम्मी कुंडी खुरपून टाकली होती. दोष तिचा नाही, मीच सांगितले नव्हते. कुंडीवर काडी रोवून ठेवावी. तीन-चार पाने आली की दोन रोपांत चार बोटांचे अंतर ठेवून बाकीची उपटावी. त्यानंतर पाणी हात आखडूनच द्यावे. मातीत बोट घालून पाहावे आणि कोरडे लागले तरच द्यावे. साधारण दोन महिन्यांनी ओंब्या दिसू लागतात. त्याच सुमारास दाट लावलेल्या रोपांच्या पानांखाली राखट बुरशी येते. वारा खेळता ठेवला आणि पाने भिजू दिली नाहीत तर बहुधा निभावते. मावा दिसल्यास पाने पुसून घ्यावी. ओंब्यांतील दाणा चिमटल्यावर दुधाळ लागू लागला की पाणी अजिबात बंद करावे. बहुतेकींचा हात येथेच चुकतो, कारण पाने पिवळी पडू लागताच आपल्याला वाटते की झाडे तहानलेली आहेत. ती तहानलेली नसतात, पिकत असतात.

पेरणीपासून चार महिन्यांनी, फाल्गुनाच्या पहिल्या पंधरवड्यात, आमच्या तिन्ही कुंड्या तयार झाल्या. ओंबी दोन बोटांत हलकेच दाबली की दाणे बाहेर येत. मामंजी म्हणाले, उद्या पहाटे काढू. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आभाळ भरून आले. मी गच्चीवर धावले व एक कुंडी जिन्याच्या छपराखाली ओढली. दुसरी उचलीपर्यंत टपोरे थेंब सुरू झाले. पाऊस पंधरा मिनिटेही पडला नसेल. उघड्यावर राहिलेल्या दोन कुंड्यांतील ओंब्यांवर तेच काचेसारखे वलय आले, आणि संध्याकाळपर्यंत दाणे ओघळून मातीला चिकटले. कुंडीत दोन मुठी बी गेले तर आपले काय जाते? पण मामंजी बराच वेळ तेथे उभे होते. त्या म्हातारीच्या शेतावर आज पाऊस झाला नसेल ना, असे त्यांनी रात्री जेवताना विचारले.

वाचलेल्या एका कुंडीचे बी दुसऱ्या पहाटे काढून, दोन दिवस सावलीत वाळवून, सुपात पाखडले. चहाची अर्धी बशी भरली. एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. ते बरोबरच आहे. घरच्या बियांवर घरचा इसबगोल भागावयाचा नाही, आणि घरी भुशी काढण्याच्या भरीस तर कोणी पडूच नये. दाणा कुटून वा चावून घेऊ नये असे वैद्य-हकीम सांगत आले आहेत. परंतु ज्या घरात हे बी पाण्यात कसे फुगते ते एकदा साऱ्यांनी पाहिले आहे, त्या घरात कोरडी भुशी कोणी कोणाच्या वाटीत ठेवणार नाही.

ही फुगण्याची शक्ती केवढी, त्याचा अंदाज असा की चांगल्या भुशीचा एक ग्रॅम पाण्यात फुगून चाळीस मिलिलिटर जागा तरी व्यापलाच पाहिजे, अशी युरोपच्या औषधकोशाची कसोटी आहे. आतड्यात गेल्यावर हेच फुगणे उपकारक होते. कोठा कोरडा असेल तर ती ओल धरून मळ मऊ करते, आणि जुलाब असतील तर जास्तीचे पाणी शोषून त्यास बांधते. उलटसुलट वाटणारे दोन गुण मुळात एकच. अमेरिकेत १९३४ सालापासून इसबगोलाची भुशी ‘मेटाम्युसिल’ ह्या नावाने डबाबंद विकली जात आहे, आणि १९९८ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने, योग्य आहाराबरोबर घेतल्यास तिने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असे वेष्टनावर लिहावयास अनुमती दिली. मात्र त्याच खात्याने त्यापूर्वी, १९९३ साली, पुरेशा पाण्याशिवाय घेतल्यास ही भुशी घशात वा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते, हा इशारा छापण्याची सक्ती केली होती. आपल्याकडील डब्यांवरही पाण्याविषयी सूचना असते. आम्ही तीच केरात टाकीत होतो.

म्हणून आमच्या घरी आता जो प्रघात पडला आहे तो सांगते. एक लहान चमचा भुशीस मोठा पेलाभर पाणी, म्हणजे पाव लिटरच्या आसपास. भुशी पाण्यात टाकावी, ढवळावी व घट्ट होण्यापूर्वी लगेच प्यावी; मागून आणखी एक पेला पाणी. बसून प्यावी, आणि पिऊन लगेच आडवे होऊ नये. इतर औषधे आणि इसबगोल ह्यांत दोन तासांचे अंतर असावे, नाही तर औषध भुशीतच अडकून अंगी लागत नाही. ज्यांना घास गिळताना अडतो त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून हे घेऊच नये. मामंजींना भाकरीचा घास त्या आधी कित्येक महिने अधूनमधून अडत होता. पण सुनेला उगाच काळजी नको म्हणून ते बोलले नव्हते! घरात वृद्ध माणसे असतील तर हा प्रश्न त्यांना आपण होऊन विचारावा. मधुमेहाचे औषध चालू असल्यास, पोटात दुखत असल्यास किंवा शौचातून रक्त जात असल्यासही आधी डॉक्टरच. भुशी डब्यात ओतताना नाकातोंडात उडू देऊ नये, काहींना तिच्या धुळीने शिंका व दमा होतो. आणि वेष्टन फेकू नये. आम्ही ते कापून डब्याच्या झाकणावर आतून चिकटविले आहे.

मामंजींच्या अन्ननलिकेचा अडथळा पुढे तपासणीत किरकोळ निघाला व औषधाने बरा झाला. डॉक्टरांच्या अनुमतीने ते पुन्हा इसबगोल घेतात; सासूबाईंच्याच पितळी पेल्यात, आणि आता स्वतः ढवळून.

राखून ठेवलेल्या बियांची पुडी देवघराच्या कोनाड्यात आहे. तुळशीचे लग्न झाले की दुसऱ्याच दिवशी पेरावयाचे ठरले आहे, आणि ह्या वेळी तिन्ही कुंड्या पहिल्यापासूनच जिन्याच्या दाराजवळ, उन्हात पण हाताशी ठेवणार आहोत. ज्यांना पेरावयाचे असेल त्यांनी मार्गशीर्ष सरू देऊ नये. उशिरा पेरले तर दाणे भरण्याच्या वेळी ऊन कडक होते, ओंब्या हलक्या राहतात, आणि अवकाळी पावसाची गाठही तेव्हाच पडण्याचा संभव अधिक.